वाळवंटातला पाहुणा आणि पाण्याचा हिशेब

मातीच्या भिंती, गवताचे छप्पर आणि कंदिलाचा उजेड एवढ्यावर एखादे निवासस्थान पर्यावरणपूरक ठरत नाही. कच्छपासून जॉर्डनपर्यंतच्या काही वास्तूंच्या आधारे वाळवंटी पर्यटक निवासांच्या रचनेमागील शास्त्राची ही ओळख.

हिवाळ्याची चाहूल लागली की कच्छचे पांढरे रण आणि जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या सहलींच्या जाहिरातींत हमखास दिसू लागतात. त्यांतील बहुतेक निवासांच्या नावाआधी 'इको' हा शब्द असतो. छायाचित्रात मातीने लिंपलेली भिंत असते, अंगणात बाज टाकलेली असते, संध्याकाळी शेकोटी पेटलेली असते. शहरातून आलेल्या पाहुण्याला हे सारे निसर्गाच्या जवळचे वाटते आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रश्न असा की ही भिंत खरोखर मातीची आहे की सिमेंटवर चढवलेला मातीचा थर आहे? खोली कशाने थंड राहते? न्हाणीघरात येणारे पाणी कुठून येते आणि वापरल्यावर कुठे जाते? वाळवंटातील निवासाची शाश्वतता या प्रश्नांच्या उत्तरांत दडलेली असते.

वाळवंट म्हणजे केवळ उष्णता नव्हे. वाळवंट म्हणजे पाण्याची कायमची टंचाई, दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील मोठी तफावत आणि एकदा मोडले की सावरायला अनेक दशके घेणारा निसर्ग. या तिन्ही गोष्टी लक्षात घेऊन जो निवास बांधला जातो तोच तेथे शोभतो. गुजरातमधील बन्नी, जॉर्डनमधील फेनान आणि इजिप्तमधील सिवा या तीन ठिकाणी असे प्रयत्न झाले आहेत. त्यांची वाट तपासली तर रचनेची सूत्रे स्पष्ट होतात.

भिंत हेच पहिले यंत्र

वाळवंटात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. त्यामुळे दिवसा सूर्याची उष्णता जमिनीवर थेट पडते आणि रात्री ती तितक्याच मोकळेपणाने आकाशात निघून जाते. दुपार आणि पहाट यांच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडणे ही तेथे नित्याची गोष्ट आहे. पारंपरिक कारागिरांनी हाच फरक कामाला लावला.

मातीची चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर जाडीची भिंत उष्णता लगेच आत सोडत नाही. बाहेरच्या बाजूने शोषलेली उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला साधारण दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन खोलीत रात्री पोहोचते. तेव्हा बाहेर गारवा असतो आणि खिडक्या उघडून ती ऊब बाहेर घालवता येते, किंवा थंडीचे दिवस असतील तर तीच ऊब अंगावर घेता येते. पहाटेचा गारवा अशाच रीतीने भिंतीत साठतो आणि दुपारी उपयोगी पडतो. विजेचे एकही बटण न दाबता चालणारी ही व्यवस्था आहे.

तिच्या जोडीला आणखी चार गोष्टी लागतात. पूर्व-पश्चिम बाजूंना कमीत कमी उघडी भिंत, कारण सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन छज्जाने अडवता येत नाही. लहान आणि उंचावर असलेल्या झरोक्यांतून गरम हवेला वाट. एकमेकांवर सावली पाडतील अशा रीतीने जवळजवळ उभ्या केलेल्या खोल्या. आणि सावलीचे अंगण. जैसलमेरच्या अरुंद गल्ल्या आणि दगडी जाळ्या हेच काम शतकानुशतके करत आहेत.

याउलट कापडी तंबूला जाडी नसते. तो उन्हात लवकर तापतो आणि रात्री तितक्याच लवकर गारठतो. त्यात आराम हवा असेल तर वातानुकूलन यंत्र किंवा हीटर लावावाच लागतो आणि पातळ कापडातून ती सारी मेहनत बाहेर गळत राहते. तंबूची जमेची बाजू अशी की हंगाम संपला की तो उचलता येतो आणि जमिनीवर पक्का पाया उरत नाही. म्हणजे तंबू जमिनीला हलका असला तरी विजेला जड असतो. रचनाकाराला ही देवाणघेवाण उघड्या डोळ्यांनी स्वीकारावी लागते.

जवळची माती, जवळचे हात

कच्छच्या उत्तरेला बन्नीचे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे गवताळ मैदान आहे. म्हशी आणि गुरे पाळणारे मालधारी हे तेथील मूळ रहिवासी. त्यांच्या गोल खोलीला 'भुंगा' म्हणतात. मराठीतल्या भुंग्याशी तिचा काही संबंध नाही. गोलाकार जाड मातीची भिंत आणि वर शंकूच्या आकाराचे गवताचे हलके छप्पर असे तिचे रूप. भिंतीला माती आणि शेण यांचा गिलावा आणि त्यात आरशांचे तुकडे बसवलेले लिंपणकाम.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छला हादरवणाऱ्या भूकंपात दगड आणि काँक्रीटच्या असंख्य इमारती कोसळल्या. अनेक भुंगा घरे मात्र उभी राहिली. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. चौकोनी खोलीच्या कोपऱ्यांत हादऱ्याचा ताण साठतो, गोल भिंतीत तो सगळीकडे वाटला जातो. शिवाय छप्पर हलके असल्याने हादऱ्यात वरून फार मोठे वजन झोके घेत नाही. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत या घरांच्या रचनेचा अभ्यास झाला आणि भिंतींना मजबुतीचे पट्टे घालून ती अधिक सुरक्षित करण्यात आली.

याच काळात बन्नीतील होडका गावात 'शाम-ए-सरहद' हा ग्रामनिवास उभा राहिला. नावाचा अर्थ 'सीमेवरची संध्याकाळ'. केंद्रीय पर्यटन मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या ग्रामीण पर्यटन प्रकल्पातून त्याला बळ मिळाले, कच्छ महिला विकास संघटनेने गावासोबत काम केले आणि रचनेला भुजच्या 'हुन्नरशाला' संस्थेचे साहाय्य लाभले. भुंगा घरे आणि तंबू अशा मोजक्या खोल्या, गावातील कारागिरांनी केलेले बांधकाम आणि गावच्या समितीकडे मालकी व व्यवस्थापन असे त्याचे स्वरूप आहे. तो हिवाळ्याच्या हंगामापुरताच चालतो, हेही महत्त्वाचे. मे महिन्याच्या उन्हात पाहुण्यांना सुखात ठेवण्याचा अट्टहास केला की यंत्रे येतात आणि यंत्रांमागे वीज व पाणी येते. वर्षातील काही महिने दार बंद ठेवणे हाही रचनेचाच निर्णय आहे.

स्थानिक साहित्याची दुसरी बाजू इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील सिवा या मरूद्यानात दिसते. तेथे खाऱ्या सरोवराकाठचे मीठ आणि चिखल यांच्या मिश्रणातून 'केर्शेफ' नावाचे साहित्य तयार करून घरे बांधण्याची परंपरा आहे. मुनीर निअमतल्ला यांनी उभारलेला 'अद्रेर अमेल्लाल' हा निवास त्याच साहित्यात बांधला गेला. खजुराच्या झाडाच्या तुळया, विजेचा अभाव, रात्री केवळ मेणबत्त्या आणि समया. आधुनिक बांधकामामुळे मागे पडत चाललेल्या केर्शेफच्या कारागिरीला या कामामुळे पुन्हा मागणी आली.

परंतु हेच साहित्य पाण्यापुढे दुबळे आहे. १९२६ मध्ये सिवात सलग तीन दिवस पडलेल्या पावसाने 'शाली' हे जुने तटबंदीचे नगर अक्षरशः विरघळले आणि रहिवाशांना ते सोडावे लागले. मातीच्या वास्तूला दरवर्षी डागडुजी लागते, पावसाळ्याआधी लिंपण लागते, वरचेवर गवत बदलावे लागते. हे काम करणारे हात गावात शिल्लक असतील तरच ती वास्तू टिकाऊ. कारागीर दुरून आणावे लागत असतील तर काही वर्षांतच तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढतो. तो ओलावा आत कोंडून ठेवतो आणि मातीची भिंत आतून पोखरली जाते.

खोल्या किती, हे कोण ठरवणार?

भिंतीचे शास्त्र आकर्षक असले तरी वाळवंटी निवासाचा खरा कस पाण्यावर लागतो. येथे थोडे अंकगणित करणे आवश्यक आहे.

भारतीय मानकांनुसार साध्या हॉटेलची रचना करताना एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरले जाते. पंचतारांकित हॉटेलसाठी हाच आकडा ३२० लिटर आहे. जलजीवन मोहिमेत ग्रामीण भागातील माणसासाठी ठरवलेले प्रमाण आहे दरडोई ५५ लिटर. म्हणजे साध्या हॉटेलातील एक पाहुणा गावातील तीन माणसांहून अधिक पाणी वापरेल, असे गृहीत धरूनच नळ बसवले जातात. वीस खोल्या आणि चाळीस पाहुणे असतील तर दिवसाला ७,२०० लिटर पाणी लागेल. तेवढ्यात १३० ग्रामस्थांची दिवसाची गरज भागते.

हे पाणी पावसातून मिळवता येईल का? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. कच्छमध्ये वर्षाला साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडला असे धरू. पाचशे चौरस मीटरच्या पक्क्या पृष्ठभागावर पावणेदोन लाख लिटर पाणी पडेल. गळती आणि बाष्पीभवन वजा जाता सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर हाती येईल. वरील हिशेबाने ते जेमतेम एकोणीस दिवस पुरेल. गोमंतकात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्याच जागेवर तेथे आठपटींहून अधिक पाणी जमेल. आपल्याकडची सवय वाळवंटात का चालत नाही, हे या एका तुलनेतून कळते.

आता वापर कमी करून पाहू. बादलीने आंघोळीला वीस लिटर, कमी पाण्याच्या शौचालयाला अठरा-वीस लिटर, पिणे आणि स्वयंपाक यांना दहा लिटर, रोज चादरी न बदलता कपडे धुण्यासाठी दहा लिटर. एकूण साठ लिटरमध्ये पाहुण्याची अगदी व्यवस्थित सोय होते. चाळीस पाहुण्यांना दिवसाला २,४०० लिटर. पाच महिन्यांच्या हंगामासाठी तीन लाख साठ हजार लिटर. त्यासाठी सुमारे तेराशे चौरस मीटरचे पाणलोट अंगण आणि त्याला साजेसे टाके पुरेल. हे अशक्य नाही. यात कर्मचाऱ्यांचे पाणी धरलेले नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

पण वाळवंटात सरासरी पाऊस हा फसवा आकडा असतो. एखाद्या वर्षी पाऊस निम्म्यावर आला तर त्याच अंगणातून त्याच हंगामात चाळीसऐवजी वीसच पाहुण्यांची तहान भागेल. म्हणून खोल्यांची संख्या सरासरी पावसावरून ठरवू नये, दुष्काळी वर्षाच्या पावसावरून ठरवावी. वीस खोल्यांची जागा दिसत असली तरी पाणी दहाच खोल्यांचे असेल, तर दहाच खोल्या बांधाव्यात. उरलेल्या दहा खोल्यांचे पाणी वाईट वर्षी कुठून येईल, याचे उत्तर सहसा एकच असते: टँकरने, कोणा तरी गावाच्या विहिरीतून.

थरच्या वाळवंटात ही शिस्त जुनी आहे. घराजवळ जमिनीखाली गोल टाके आणि त्याभोवती टाक्याकडे उतार असलेले स्वच्छ चोपलेले अंगण, ज्याला तेथे 'आगोर' म्हणतात. सह्याद्रीतील गडकोटांवर खडकात खोदलेली टाकी पाहिलेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. शब्दही तोच आहे.

बन्नीतील मालधारींची 'विरडा' ही पद्धत तर आणखी बोलकी. बन्नीत भूजल खारे आहे. पावसाचे गोडे पाणी सखल भागात मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. मालधारी तेथे उथळ खड्डे खणून, त्यांच्या बाजू लाकूड आणि गवत यांनी आवळून ते गोडे पाणी हळूहळू काढतात. घाई केली, एकदम फार उपसा केला, की खालचे खारे पाणी वर येते आणि खड्डा निकामी होतो. पंप लावून विरडा चालवता येत नाही. बन्नीत निवास बांधणाऱ्या प्रत्येकाने आधी हे समजून घ्यावे.

पोहण्याच्या तलावाबद्दलही येथेच लिहिले पाहिजे. वाळवंटात उघड्या पाण्यातून दिवसाला सरासरी सात मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले तरी दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तलावातून रोज साडेतीनशे लिटर पाणी कोणी न वापरताच हवेत जाते. सहा ग्रामस्थांचे ते दिवसाचे पाणी आहे.

आलेले पाणी जाते कुठे?

पाणी आणण्याइतकेच ते घालवणेही अवघड असते. याचा मोठा धडा जैसलमेरच्या किल्ल्याने दिला. बाराव्या शतकात वसलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात. जोवर पाणी डोक्यावरून घागरीने येत होते तोवर ते जपून वापरले जाई आणि सांडपाणीही थोडेच असे. नळ आले, पर्यटन वाढले, जुन्या घरांची अतिथिगृहे झाली आणि पाण्याचा वापर कित्येक पटींनी वाढला. जुन्या गटारांना तो भार पेलला नाही. पाणी टेकडीच्या मऊ थरांत मुरत गेले आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात काही बुरूज ढासळले. पुढे गटारे आणि भिंती यांच्या दुरुस्तीची कामे हाती घ्यावी लागली. तहानेने नव्हे, तर पाण्याच्या अतिरेकाने वाळवंटातला किल्ला खचला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लडाख हे थंड वाळवंट. लेहमध्ये वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. तेथील पारंपरिक शौचालयात पाणी वापरतच नाहीत. वरच्या मजल्यावर छिद्र, खाली बंद खोली, वरून मातीचा थर आणि काही महिन्यांनी तयार होणारे शेतीचे खत. पर्यटकांसाठी हॉटेले उभी राहिली तसे फ्लशचे शौचालय आले, कूपनलिका आल्या, शोषखड्डे आले, आणि पिण्याच्या पाण्याचे दूषण हा तेथील चिंतेचा विषय बनला. चांगल्या निवासाची रचना येथे परंपरेकडून शिकते. कोरडे शौचालय स्वच्छ, हवेशीर आणि दुर्गंधीमुक्त करता येते. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी वेगळ्या नळीने वनस्पतींच्या वाफ्यातून गाळून खोल्यांभोवतीच्या झाडांना देता येते. त्या झाडांची सावली पुन्हा भिंतीवर पडते.

अंधाराचे मोल

विजेच्या बाबतीत जॉर्डनमधील फेनान इकोलॉज हे अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. सुमारे तीनशे चौरस किलोमीटरच्या दाना संरक्षित क्षेत्राच्या पश्चिम टोकाला, डोंगर संपून वाळवंट सुरू होते तेथे, हा २६ खोल्यांचा निवास २००५ मध्ये सुरू झाला. जॉर्डनच्या निसर्ग संवर्धन संस्थेने तो उभारला आणि वास्तुविशारद अम्मार खमाश यांनी त्याची रचना केली. विजेच्या जाळ्याशी त्याची जोडणी नाही. सौर पटलांतून मिळणारी वीज स्वयंपाकघर, न्हाणीघरे आणि स्वागतकक्ष अशा मोजक्याच ठिकाणी वापरतात. खोल्यांत आणि जेवणघरात रात्री मेणबत्त्या लावतात. त्या स्थानिक स्त्रिया तेथेच तयार करतात. पाणी सूर्याच्या उष्णतेने तापते. थंडीत शेगडीसाठी झाडे तोडली जात नाहीत. ऑलिव्हचे तेल काढल्यावर उरणारा चोथा जाळतात. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी खोल्यांत मातीच्या सुरया असतात. जेवण शाकाहारी असते.

यातील मर्म असे की सौरऊर्जा बसवण्याआधी विजेची गरज कमी केली गेली. बरेच निवास उलट क्रमाने जातात. आधी काचेच्या मोठ्या खिडक्या, मग त्यामुळे तापलेली खोली, मग वातानुकूलन, मग ते चालवण्यासाठी शेकडो चौरस मीटर सौर पटले आणि बॅटऱ्या. पटलांवर वाळवंटात धूळ साचते, ती धुवायला पुन्हा पाणी. बॅटऱ्यांचे आयुष्य संपले की त्यांची विल्हेवाट कोणी लावायची, हा प्रश्न तर वेगळाच. भिंतीने जे काम फुकट केले असते तेच काम महागड्या यंत्रांकडून करून घेण्याचा हा मार्ग आहे.

अंधार हीदेखील वाळवंटाची संपत्ती आहे. धुळीविना स्वच्छ हवा आणि दिव्यांचा अभाव यांमुळे तेथून जे आकाश दिसते ते किनारी शहरांतून दिसत नाही. लडाखमधील हानले परिसरात २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे देशातील पहिले राखीव क्षेत्र जाहीर झाले. तेथे गावकरीच पाहुण्यांना घरात उतरवतात आणि आकाश दाखवतात. दिव्याला खालच्या दिशेने झाकण, पिवळसर मंद प्रकाश आणि रात्री ठरावीक वेळेनंतर बाहेरचे दिवे बंद, एवढ्या साध्या उपायांनी ही संपत्ती टिकते. निशाचर प्राणी आणि पक्षी यांनाही त्याचा लाभ होतो.

विजेच्या तारांचा प्रश्न राजस्थानात गंभीर आहे. अत्यंत दुर्मीळ झालेला माळढोक पक्षी जैसलमेरच्या परिसरात उरला आहे. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. उंचावरच्या तारांना धडकून तो मरतो. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. माळढोक एकेकाळी महाराष्ट्राच्या माळरानांवरही होता. सोलापूरजवळचे नान्नज अभयारण्य त्याच्यासाठीच ओळखले जाई. अशा अधिवासाजवळ एका निवासासाठी नवी तार ओढण्यापूर्वी ती खरोखर हवी आहे का, हे विचारणे हा रचनेचाच भाग ठरतो.

पोहोचण्याची वाट

निवास उत्तम असूनही तेथे जाण्याची वाट विध्वंसक असू शकते. वाळवंटातील अनेक ठिकाणी जमिनीवर सूक्ष्म शैवाल, बुरशी आणि दगडफूल यांचा पातळ पापुद्रा असतो. तो वाळू धरून ठेवतो, ओलावा टिकवतो आणि बियांना आधार देतो. गाडीचे एक चाक तो क्षणात मोडते. तो पुन्हा तयार व्हायला अनेक वर्षे, कधी दशके लागतात. फेनानमध्ये पाहुण्यांच्या गाड्या काही किलोमीटर अलीकडच्या स्वागतकेंद्रावरच थांबतात. तेथून पुढे स्थानिक बदू लोक आपल्या वाहनांतून पाहुण्यांना नेतात. एकच वाट वापरात राहते आणि त्या वाटेवरचे भाडे गावात राहते.

कच्छच्या रणात २००५ पासून रणोत्सव भरतो. धोरडो गावाजवळ हंगामात तंबूंचे अख्खे नगर वसते. २०२३ मध्ये धोरडोला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीत स्थान दिले. या उत्सवाने कच्छच्या भरतकामाला आणि चर्मकलेला मोठी बाजारपेठ मिळवून दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. त्याच रस्त्यावर अलीकडे होडक्याचा लहान ग्रामनिवास आहे. एका बाजूला हजारोंची गर्दी, दुसऱ्या बाजूला मोजके पाहुणे. दोन्हींतून पैसा येतो. मात्र पाणी, कचरा आणि वाहने यांचा भार वाढत गेला की तो बन्नीच्या गवताळ मैदानावरच पडतो, आणि ते मैदान मालधारींच्या म्हशींचे पोट आहे. गवत गेले तर दूध जाईल, आणि जे गाव पाहायला पाहुणा येतो ते गावच उरणार नाही. म्हणून पाहुण्यांची कमाल संख्या ठरवणे हे केवळ प्रशासनाचे काम नाही. पहिला आराखडा काढणाऱ्या वास्तुविशारदाचेही आहे.

मालकी कोणाची?

निवास टिकतो की नाही हे अखेर त्याची मालकी कोणाकडे आहे यावरही ठरते. होडक्यात गावची समिती मालक आहे. विरडा आटला तर त्याची झळ मालकालाच लागते, त्यामुळे आणखी दहा खोल्या बांधण्याचा मोह आवरण्याचे कारण त्याच्यापाशी असते. दूर शहरात बसलेल्या गुंतवणूकदाराला ती झळ लागत नाही. एक जागा कोरडी पडली तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. फेनानमध्ये कामाला परिसरातील बदू कुटुंबांतील माणसे आहेत. संरक्षित क्षेत्रात गुरे चारणे किंवा झाडे तोडणे यांपेक्षा पाहुण्यांना वाट दाखवणे अधिक किफायतशीर ठरले तर संरक्षणाला पहारेकरी कमी लागतात.

स्वयंपाकघरही याच हिशेबात येते. बाजरीचा रोटला, ताक, लोणी, कढी हे बन्नीतले अन्न जवळ पिकते, जवळ मिळते आणि कमी पाण्यात होते. पाहुण्याच्या मागणीसाठी दूरच्या शहरातून बर्फात घालून आणलेले पदार्थ त्या निवासाचे सारे पुण्य एका जेवणात खर्च करतात.

आरक्षणापूर्वीचे प्रश्न

या साऱ्याचा सामान्य पर्यटकाला उपयोग काय? आरक्षण करताना पाच प्रश्न विचारता येतील. पाणी कुठून येते, आणि दुष्काळी वर्षी कुठून येते? सांडपाणी कुठे जाते? भिंत कशाची आहे आणि ती कोणी बांधली? उन्हाळ्यात निवास बंद असतो का? आणि मालक व कामगार कुठले? निवासाची माणसे या प्रश्नांची उत्तरे आनंदाने आणि तपशिलाने देत असतील तर तेथे विचार झाला आहे असे समजावे. उत्तरात केवळ 'आमच्याकडे सगळे इको आहे' एवढेच आले, तर छायाचित्रातल्या मातीवर फार विसंबू नये.

हे प्रश्न केवळ वाळवंटापुरते नाहीत. गोमंतकात जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उतरती कौले आणि ओसरीची सावली यांनी पिढ्यान्‌पिढ्या हवामानाशी जुळवून घेतले. येथे वाळवंटाच्या कितीतरी पट पाऊस पडतो, तरीही उन्हाळ्यात किनारपट्टीच्या गावांतून पाण्याचे टँकर फिरताना दिसतात. आता पर्यटनाचा ओघ किनाऱ्याकडून सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या रानांकडे वळवण्याची चर्चा होत असते. तेथे पहिला निवास उभा राहण्यापूर्वी मे महिन्यातल्या झऱ्याचे पाणी मोजले जावे आणि त्यावरून खोल्या ठरवल्या जाव्यात. बन्नीच्या मालधारींनी गोड्या पाण्याचा पातळ थर ओळखून आपली गरज त्याच्या आत ठेवली. मुबलक पावसाच्या प्रदेशाला हे शिकणे अधिक कठीण जाते, कारण टंचाई येथे चार महिनेच दिसते आणि पहिल्या पावसात विसरली जाते.